जनरल केमिस्ट्री वन, हायब्रिड, ४ क्रेडिट: अमेरिकेत परत कॉलेजला जाणाऱ्यांसाठी

दर ऑगस्ट-सप्टेंबरला कोणीतरी विचारतंच. गणपतीच्या आरतीनंतर ताटं वाढता वाढता, नाहीतर रविवारी मुलांना मराठी शाळेत सोडून पार्किंगमध्ये उभं असताना, की अगं तू ते केमिस्ट्री केलंस ना कम्युनिटी कॉलेजातून, ऑनलाइन होतं का गं, जमेल का मला आता? प्रत्येकीला तेच अर्धवट सांगून झालंय म्हणून आता एकदाच सगळं लिहून काढते, पुढच्या वेळी हेच पाठवीन आणि निवांत प्रसाद खाईन.

मी कुठून बोलतेय ते आधी सांगते. बारावी सायन्स साताऱ्याला, मग बीकॉम, मग लग्न, न्यू जर्सी, दोन मुलं, आणि पस्तिशी ओलांडल्यावर मेडिकल लॅबच्या प्रोग्रामला जायचं डोक्यात आलं तर त्यांची पहिलीच अट, जनरल केमिस्ट्री वन आणि टू, लॅबसकट. तुमचं कारण वेगळं असेल, फार्मसी असेल, डेंटल हायजीन असेल (आणि नर्सिंग असेल तर थांबा, बऱ्याच ठिकाणी त्यांना हा कोर्स लागतच नाही, त्यांच्यासाठी वेगळा सोपा केमिस्ट्रीचा कोर्स असतो), किंवा मुलगी फ्रेशमन आहे आणि तिचं रडगाणं ऐकून तुम्ही हे वाचत असाल. चालेल.

नाव नोंदवायच्या आधी एक काम करा. ज्या प्रोग्रामला पुढे जायचंय त्यांना ईमेल टाका, फोन नको, कारण उत्तर लेखी हवं. विचारायचं एवढंच की या कॉलेजचा हा कोर्स नंबर तुम्हाला चालतो का, लॅब घरी किट मागवून केलेली असेल तर चालते का, आणि किती जुनं केमिस्ट्री धरता. हे तिन्ही फार महत्त्वाचं आहे कारण काही कॉलेजं पूर्ण ऑनलाइन कोर्स देतात, लॅबसुद्धा घरी स्वयंपाकघराच्या ओट्यावर, छोट्या बाटल्यांचं खोकं येतं पोस्टाने, आणि तो कोर्स क्रेडिटला क्रेडिट असला तरी हेल्थवाले बरेच प्रोग्राम अशी लॅब मान्य करत नाहीत. माझ्या ओळखीतल्या एकीला हे सेमिस्टर संपल्यावर कळलं, आणि मग परत सगळं पहिल्यापासून, परत फी. म्हणून मी सगळ्यांना हायब्रिडच घ्या म्हणते, लेक्चर ऑनलाइन आणि लॅबला आठवड्यातून एकदा कॉलेजात जायचं. आणि लॅबचा वार बघून सेक्शन निवडा, प्रोफेसर बघून नाही. प्रोफेसर कितीही गोड असला तरी मुलांच्या शाळा सुटायच्या वेळेला तीन तासांची लॅब असेल तर तुम्हाला ती झेपणार नाही.

व्हिसाचं थोडक्यात. एच-फोरवर (नोकरीच्या व्हिसावाल्याच्या जोडीदाराचा व्हिसा) शिकायला बंदी नाही, एखादा कोर्ससुद्धा घेता येतो. एफ-वनवर (विद्यार्थ्यांचा व्हिसा) असाल तर फुल-टाइमच्या हिशोबात टर्मला एकच ऑनलाइन कोर्स धरतात, ३ क्रेडिटपर्यंत, आणि हायब्रिड त्यात मोजतात का ते आपलं आपण ठरवायचं नाही, कॉलेजच्या डीएसओला, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांचं बघणाऱ्या अधिकाऱ्याला, विचारायचं. आणि मॅथ प्लेसमेंट टेस्ट. केमिस्ट्रीला बसायच्या आधी अल्जिब्रा येतो हे दाखवावं लागतं, एकतर टेस्ट देऊन नाहीतर आपली भारतातली मार्कशीट इव्हॅल्युएट करून. टेस्टच द्या असं माझं मत, लवकर होतं, फक्त आदल्या आठवड्यात घातांक आणि लॉगरिदम एकदा बघून जा. आपण बारावीला लॉग टेबलची पुस्तिका घेऊन बसायचो आठवतंय ना, इथे ती कोणी पाहिलेलीही नाही, साधं सायंटिफिक कॅल्क्युलेटर लागतं. ग्राफिंगवालं महागडं घेऊ नका, बऱ्याच परीक्षांना ते चालतच नाही.

आता वेळेचं, कारण लोक इथेच फसतात. ४ क्रेडिट म्हणजे आठवड्याला चार तास असं डोक्यात असतं. इथला हिशोब असा की लेक्चरच्या एका क्रेडिटला वर्गातला एक तास आणि घरचे दोन, चारातले तीन क्रेडिट लेक्चरचे, म्हणजे तिथेच नऊ तास झाले, वर लॅबचे तीन, वर लॅब रिपोर्ट. आठवड्याला १२ ते १४ तास धरून चाला. हे १५ आठवड्यांच्या सेमिस्टरचं झालं, उन्हाळ्यात हाच कोर्स ८ आठवड्यांत कोंबतात, तेव्हा हा आकडा दुप्पट. नोकरी किंवा लहान मूल असेल तर उन्हाळी कोर्सच्या वाटेला जाऊ नका, मी हे हात जोडून सांगते.

आणि हा एक कोर्स नाहीच, तीन आहेत. एक व्हिडिओ लेक्चरं आणि पुस्तक, दुसरं होमवर्कचं सॉफ्टवेअर, तिसरी लॅब. तिघांच्या तारखा वेगळ्या, वेबसाइटसुद्धा कधी कधी वेगळ्या, आणि तिघं एकमेकांशी बोलत नाहीत. लॅबमध्ये टायट्रेशन (एका द्रावणात दुसरं थेंब थेंब घालून तीव्रता काढणं) चालू असतं तेव्हा लेक्चर अजून अणूच्या रचनेवर रेंगाळत असतं, म्हणजे लॅबला जे लागतं ते तुम्हाला कोणी शिकवलेलंच नसतं. पहिल्या शनिवारी सिलॅबस उघडा आणि त्यातली एकूण एक तारीख फोनच्या कॅलेंडरात टाका, दोन तास जातात, जाऊदेत. प्री-लॅब क्विझ लॅबच्या आदल्या रात्री ११:५९ ला बंद होते, होमवर्क रविवारी ११:५९, रिपोर्ट पुढच्या लॅबच्या आधी, अशी ती माळ असते. मी पहिल्या महिन्यात दोन प्री-लॅब घालवल्या, येत नव्हतं म्हणून नाही, मंगळवार आहे हेच लक्षात नव्हतं.

पुस्तकाला पैसे घालवायच्या आधी थांबा. बऱ्याच ठिकाणी आता ओपनस्टॅक्सचं केमिस्ट्री चालतं, राइस युनिव्हर्सिटीचं, ऑनलाइन पूर्ण फुकट, २१ धडे, आणि जनरल केमिस्ट्री वनला साधारण पहिले नऊ-दहा होतात. प्रोफेसरने दुसरं पुस्तक लावलं असेल तरी हे बाजूला ठेवाच, उदाहरणं चांगली आहेत. पैसे जातात ते सॉफ्टवेअरच्या अ‍ॅक्सेस कोडला, आणि तो कोड एकदाच वापरता येतो, म्हणून कोणाकडून जुनं पुस्तक कोडसकट स्वस्तात घेतलं म्हणून खूश होऊ नका, तो कोड मेलेला असतो. कॉलेजच्या फीमध्येच कोड धरलेला असतो कधी कधी, आधी बघा, नाहीतर दोनदा भराल. बहुतेक सगळ्यांत पहिले दोन आठवडे फुकट ट्रायल मिळते, ती घ्या आणि कोर्स ठेवायचा की सोडायचा हे ठरल्यावर पैसे भरा.

सॉफ्टवेअर कॉलेजागणिक वेगळं. अ‍ॅलेक्स असेल तर पहिल्या दिवशी ते एक चाचणी घेतं आणि तुमच्या ज्ञानाचा एक गोल काढतं, पाय (इंग्रजीतला pie) म्हणतात त्याला, त्यात कोणत्या फोडी भरलेल्या आणि कोणत्या रिकाम्या ते दिसतं. या पहिल्या चाचणीला गुगल करून उत्तरं टाकायचा मोह होतो. नका करू. त्याला वाटतं तुम्हाला येतंय, ते तो भाग शिकवतच नाही आणि पुढचं अवघड वाढून ठेवतं, मग महिन्याने परत चाचणी घेतं आणि भरलेल्या फोडी काढून घेतं, तेव्हा तोंडचं पाणी पळतं. येत नसेल तर सरळ येत नाही असं बटण असतं ते दाबा. मास्टरिंग आणि त्यासारखी जी बाकीची आहेत त्यात प्रश्नाला ठरावीक प्रयत्न असतात, आणि प्रत्येक चुकीला थोडे मार्क जातात, म्हणून आधी वहीत पूर्ण सोडवायचं आणि मगच टाइप करायचं. एककाची चौकट वेगळी आहे का, खाली लिहायचा आकडा खालीच गेलाय का, घन द्रव वायू ते लिहायला सांगितलंय का, हे प्रत्येक वेळी बघा. मी एकदा सहा वेळा बरोबर उत्तर टाकलं आणि सहा वेळा चूक आलं, नंतर कळलं त्याला चार सार्थ अंक हवे होते आणि मी पाच देत होते.

हे सार्थ अंक, म्हणजे इथले सिग फिग्ज, हा या कोर्सचा खरा सासुरवास. आपल्याकडे बारावीला दोन दशांश लिहून मोकळं व्हायचो. इथे प्रत्येक आकड्यात तुम्ही किती बारकाईने मोजलंय ते लपलेलं असतं आणि त्याच्यापेक्षा जास्त बारीक उत्तर द्यायला तुम्हाला परवानगी नाही. नियम दोनच आहेत पण ते एकमेकांत मिसळतात. बेरीज-वजाबाकीत दशांशस्थळं बघायची, १२.११ अधिक १८.० अधिक १.०१३ ची बेरीज ३१.१२३ येते पण लिहायचं ३१.१, कारण १८.० ला एकच दशांश आहे. गुणाकार-भागाकारात मात्र एकूण सार्थ अंक मोजायचे. आणि मधल्या पायरीत गोल करायचं नाही, शेवटीच. पहिल्या आठवड्यात याला हसून सोडून देऊ नका, हे १५ आठवडे प्रत्येक क्विझमध्ये, प्रत्येक लॅबमध्ये एक एक मार्क खातं, आणि ए आणि बी मधलं अंतर तेवढंच असतं.

बारावीचं केमिस्ट्री किती उपयोगी पडतं? तीन आठवडे. पहिले तीन आठवडे तुम्ही वर्गातल्या सगळ्यात हुशार, अणू रेणू, पिरिऑडिक टेबल, समीकरणं बॅलन्स करणं, सगळं हातचा मळ. मग तुम्ही व्हिडिओ दीडपट वेगाने बघायला लागता, मग व्हिडिओ सोडताच, आणि पहिल्या परीक्षेत ७१ येतात. माझे आले. कारण पद्धत वेगळी आहे. आपण त्रैराशिक मांडतो, एवढ्याला एवढं तर तेवढ्याला किती, आणि उत्तर बरोबर येतं. इथे डायमेन्शनल अ‍ॅनालिसिस, म्हणजे एककांची साखळी लावायची आणि प्रत्येक एकक कसं कटतं ते दाखवायचं. १०.० ग्रॅम मिथेन जाळला तर पाणी किती? ग्रॅम भागिले १६.०४ (मिथेनच्या एका मोलचे ग्रॅम, मोल म्हणजे डझनासारखं रेणू मोजायचं माप) म्हणजे मिथेनचे मोल, एका मिथेनला दोन पाणी म्हणून गुणिले दोन, गुणिले १८.०२ (पाण्याच्या एका मोलचे ग्रॅम), उत्तर २२.५ ग्रॅम. त्रैराशिकानेही हेच येतं पण साखळी नाही दाखवली तर अर्धे मार्क गेले. आधी मला राग आला, मग लक्षात आलं की पाच-पाच पायऱ्यांची गणितं येतात तेव्हा त्रैराशिकात मी हरवते आणि साखळीत नाही. आता मुलाला पण तेच शिकवते.

आणखी काही फरक. नॉर्मॅलिटी विसरा, ते एन-वन व्ही-वन इथे जवळजवळ वापरतच नाहीत, सगळं मोलॅरिटीत, म्हणजे लिटरमागे किती मोल. वायूंच्या गणितात दाब अ‍ॅटमॉस्फिअरमध्ये असेल आणि आकारमान लिटरमध्ये, तर आर ची, म्हणजे वायूंच्या स्थिरांकाची, किंमत ०.०८२०६ घ्यायची, ऊर्जेच्या गणितात ८.३१४, आणि तापमान केल्विनमध्येच, सेल्सिअसमध्ये २७३.१५ मिळवायचे, हे मिळवायचं विसरून अख्खी परीक्षा घालवणारे लोक मी पाहिलेत. मोलची व्याख्यासुद्धा आपण शिकलो ती राहिली नाही. १२ ग्रॅम कार्बन-१२ मधले अणू असं आपण पाठ केलं होतं, २० मे २०१९ पासून तो आकडाच ठरवून टाकलाय, ६.०२२१४०७६ गुणिले १० चा २३ वा घात, बास. मराठी मीडियमवाल्यांनी पहिल्याच आठवड्यात एक यादी करावी, आम्ल म्हणजे अ‍ॅसिड, आम्लारी म्हणजे बेस, क्षार म्हणजे सॉल्ट, विरल डायल्यूट, संहत कॉन्सन्ट्रेटेड, क्षपण म्हणजे रिडक्शन. डोकं मराठीत चालत असेल तर चालूदे, त्यात कमीपणा काही नाही, फक्त परीक्षेच्या वेळी शब्द आठवायला थांबावं लागू नये.

लिमिटिंग रिएक्टंट नावाचा एक धडा येतो तिथे निम्मा वर्ग गळतो. पुस्तकात सँडविचचं उदाहरण असतं. मला उकडीचे मोदक आठवले. सारण आणि उकड कधीही एकत्र संपत नाही, कधी सारण उरतं आणि पोरं चमच्याने खातात, कधी उकड उरते आणि तिच्या निवगऱ्या होतात. जे आधी संपलं त्यानेच मोदक किती होणार ते ठरवलं. आता गंमत अशी की वाटीभर सारण आणि वाटीभर उकड समोर ठेवून कुठलं आधी संपेल ते वाटीवरून कळत नाही, एका मोदकाला दोन्ही किती लागतं ते माहीत हवं. म्हणूनच ग्रॅमवरून ठरवायचं नाही, आधी दोन्हींचे मोल काढायचे आणि मग समीकरणातल्या प्रमाणाने बघायचं. आणि उकडताना दोन फुटले तर पर्सेंट यील्ड, म्हणजे हिशोबाने व्हायला हवे होते त्यातले किती टक्के हाती आले, ते कमी.

आता लॅब, माझा आवडता भाग. कपड्यांपासून सुरू करू. पायाची बोटं दिसतील असं काही घालून गेलात तर दारातूनच परत, चप्पल, सँडल, काहीही कारण चालत नाही, आणि परत पाठवलं म्हणजे त्या लॅबला शून्य. पाय पूर्ण झाकलेले, केस बांधलेले, ओढणी नाही, लोंबणारे कानातले नाहीत, बांगड्या घरी. गॉगल साधे नाही, केमिकल स्प्लॅशवाले, सगळ्या बाजूंनी बंद, त्यावर झेड-८७ असं लिहिलेलं असतं ते बघून घ्या. चष्मा असेल तर चष्म्यावरून बसतो का ते दुकानातच बघा, माझा पहिला गॉगल चष्म्यावर बसेना आणि तीन तास एका हाताने धरून काम केलं. बऱ्याच कॉलेजात दोन लॅब बुडल्या की लेक्चरला कितीही मार्क असोत कोर्स फेल, सिलॅबसमध्ये ही ओळ शोधा.

वहीबद्दल आपल्याला सगळं उलटं शिकावं लागतं. आपल्याकडे जर्नल म्हणजे सुवाच्य अक्षर, डावीकडे आकृती, उजवीकडे कृती, आधी रफमध्ये आणि मग फेअर, शेवटी सरांची सही. इथे लॅब नोटबुक म्हणजे जे घडलं ते घडत असताना, पेननेच, थेट तिथेच लिहायचं. चुकलं तर एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, व्हाइटनर नाही, पान फाडायचं नाही. टिश्यू पेपरवर आकडा लिहून नंतर वहीत उतरवताना मी पकडले गेले आणि सगळ्यांसमोर बोलणी खाल्ली. वहीची पानं आपोआप कॉपी उमटणारी असतात, खालची कॉपी जाताना फाडून देऊन जायची, म्हणजे घरी जाऊन आकडे सुधारायची सोयच नाही.

आकडे सुधारणं, हं. आपल्याकडचं टायट्रेशनचं कॉन्स्टंट ब्यूरेट रीडिंग आठवा, ब्यूरेट म्हणजे ती मापाच्या रेघांची उभी काचनळी. १०.२, १०.२, १०.२. तीन वेळा तंतोतंत. कोणाच्या आले होते हो खरोखर? इथे तीन सारखे रीडिंग दाखवलेत तर उलट संशय येतो. ब्यूरेटवर ०.१ मिलीच्या रेघा असतात आणि दोन रेघांच्या मधला अंदाज घेऊन दुसरा दशांश लिहावाच लागतो, मग तीन वेळा एकच आकडा कुठून येणार. उदाहरण देते. ०.५१०६ ग्रॅम केएचपी (एक पांढरं घन आम्ल) पाण्यात विरघळवलं, दोन-तीन थेंब फिनॉल्फ्थॅलीन, म्हणजे रंग दाखवणारं सूचक, वरून ब्यूरेटमधून सोडियम हायड्रॉक्साइड, त्याचीच तीव्रता काढायची. ब्यूरेटचं सुरुवातीचं रीडिंग ०.३५, शेवटचं २५.२०, म्हणजे २४.८५ मिली. केएचपीचं मोलर मास २०४.२२, भागून ०.००२५०० मोल, ते भागिले ०.०२४८५ लिटर, कॅल्क्युलेटर ०.१००६१३ दाखवतं, तुम्ही लिहायचं ०.१००६ मोलर. चार अंक, कारण मोजलेल्या दोन्ही आकड्यांत चारच आहेत. सुरुवातीला शून्यावरच आणायचं म्हणून पाच मिनिटं घालवू नका, कुठूनही सुरू करा, फक्त लिहा. रंग एकदम फिका गुलाबी हवा, दिसतोय की नाही असं वाटण्याइतका, आणि हलवल्यावर ३० सेकंद टिकायला हवा. रूहअफजासारखा झाला तर पुढे गेलात, परत करा. पांढरा कागद खाली ठेवा, ब्यूरेटच्या टोकाशी हवेचा बुडबुडा नाही ना बघा, आणि डोळे मेनिस्कसच्या (द्रवाच्या वरच्या वाकलेल्या कडेच्या) रेषेत आणा, माझ्यासारख्या पाच फुटीला त्यासाठी ब्यूरेट स्टँडवरून खाली घ्यावं लागतं, लाजू नका.

दुसरा हमखास प्रयोग मोरचुदाचा. इथे कॉपर सल्फेट पेंटाहायड्रेट म्हणतात, निळे खडे तापवायचे, पाणी उडून पांढरी पूड राहते, आणि वजनातल्या फरकावरून पाणी किती टक्के होतं ते काढायचं. खरं उत्तर ३६.०८ टक्के. माझं ३३.० आलं, म्हणजे साडेआठ टक्के एरर, आणि मी रिपोर्टमध्ये लिहिलं ह्यूमन एरर. शून्य मार्क त्या परिच्छेदाला. ही चूक सगळे करतात म्हणून नीट सांगते: ह्यूमन एरर हा शब्द कुठेच लिहायचा नाही. नक्की काय झालं असेल आणि त्याने उत्तर कमी होईल की जास्त, हे दोन्ही जुळवून लिहायचं. माझं उत्तर कमी आलं म्हणजे पाणी पूर्ण गेलं नव्हतं, कडेला अजून निळसर कण होते, परत तापवून परत वजन करायला हवं होतं, वजन बदलेनासं होईपर्यंत. खडे तडतडून बाहेर उडाले असते तर उत्तर जास्त आलं असतं. आणि फार तापवलं तर पूड काळपट होते, ते वेगळंच प्रकरण. एवढं लिहिलं असतं तर साडेआठ टक्के चुकून पण पूर्ण मार्क होते. उत्तर चुकलं म्हणून इथे फारसे मार्क जात नाहीत, का चुकलं ते सांगता आलं नाही म्हणून जातात. मला हे फार आवडलं, खरं सांगते, साताऱ्याच्या लॅबमध्ये आम्ही उत्तर आधी विचारून मग प्रयोग करायचो.

बाकीचे पटकन. थर्मोकोलचे दोन कप एकात एक घालून कॅलरीमीटर करतात, पाण्याची विशिष्ट उष्णता ४.१८४ लक्षात ठेवा. फ्लेम टेस्टला सोडियम पिवळा इतका भडक की बाकी सगळं झाकून टाकतो, तांबं हिरवं, स्ट्रॉन्शियम लाल, दिवाळीच्या फटाक्यातला लाल रंग कशाचा ते तिथे कळतं. रंगाच्या पाण्यातून प्रकाश सोडून कॉन्सन्ट्रेशन काढायचा एक प्रयोग असतो त्यात एक्सेलमध्ये ग्राफ काढून रेषेचं समीकरण द्यावं लागतं, एक्सेल येत नसेल तर आधीच शिका, बीकॉमवाल्यांना इथे सुख आहे. कचरा सिंकमध्ये ओतायचा नाही, लेबल लावलेल्या बरण्या असतात. अ‍ॅसिड पाण्यात घालायचं, पाणी अ‍ॅसिडमध्ये कधीच नाही. डोळ्यात काही गेलं तर भिडेपोटी गप्प बसू नका, आयवॉशखाली १५ मिनिटं, घड्याळ लावून. लॅब पार्टनर बहुधा अठरा वर्षांचा असतो आणि कानात काहीतरी घातलेलं असतं. त्याला काम वाटून द्या, तू वजन कर मी लिहिते, आणि त्याचा फोन नंबर घ्या कारण रिपोर्टच्या रात्री एखादा आकडा हरवतोच.

लॅबला जाण्याआधी तो प्रयोग एकदा बघून जायचा असेल तर फेट म्हणून मोफत सिम्युलेशन आहेत, कोलोरॅडो युनिव्हर्सिटीची, बोल्डरची, २००२ मध्ये कार्ल वीमन या नोबेलवाल्या फिजिक्सच्या प्रोफेसरांनी सुरू केलेली. मोलॅरिटी, वायू, रेणूंचे आकार, सगळं माउसने हलवून बघता येतं, आणि त्यातली काही मराठीतही आहेत. रेणूंच्या आकाराच्या धड्याला तर त्याशिवाय जाऊच नका, कागदावर त्रिमिती डोक्यात येत नाही.

परीक्षा घरी कॅमेरा लावून असतील तर खोलीची तयारी अभ्यासाइतकीच करा. लॉकडाउन ब्राउझर नावाचं एक असतं ते उघडलं की दुसरं काहीच उघडत नाही, आधी कॅमेरा फिरवून खोली दाखवावी लागते, आणि मग कोणी फ्रेममध्ये आलं की नोंद होते. माझ्या दुसऱ्या परीक्षेत सासूबाई चहा घेऊन आल्या, टेबलावर कप ठेवला, स्क्रीनकडे वाकून बघितलं आणि म्हणाल्या, अजून चाललंय होय तुझं. रेकॉर्डिंग बघून प्रोफेसर हसले, सोडून दिलं, पण मला ईमेलवर खुलासा लिहावा लागला. घरच्यांना सांगून, दाराला कागद चिकटवून, शक्यतो कॉलेजच्या टेस्टिंग सेंटरलाच जाऊन द्या, कितीतरी बरं. फायनल काही कॉलेजात अमेरिकन केमिकल सोसायटीची असते, ७० प्रश्न, ११० मिनिटं, चार पर्याय, आणि निगेटिव्ह मार्किंग नाही, म्हणजे एकही गोल रिकामा सोडायचा नाही. दीड मिनिटाला एक प्रश्न पडतो, म्हणून लांब गणिताला खूण करून पुढे जायचं आणि शेवटी परत यायचं.

मदत मागायचं आपल्याला जड जातं. ऑफिस आवर्स म्हणजे प्रोफेसर खोलीत किंवा झूमवर नुसते बसलेले असतात, कोणी येत नाही, आणि आपल्याला वाटतं जाऊन काय त्रास द्यायचा. अहो तेवढ्यासाठीच ते बसलेत. मी तिसऱ्या आठवड्यापासून दर गुरुवारी जायला लागले, दोन प्रश्न वहीत लिहून, आणि माझे कुठे कुठे मार्क जातात ते त्यांनीच दाखवलं. कॉलेजचं ट्युटरिंग सेंटर बहुतेक ठिकाणी फुकट असतं, तिथेही जा. उत्तरं विकणाऱ्या वेबसाइट आणि एआयला रिपोर्ट लिहायला लावणं याच्या भानगडीत पडू नका, पकडलं गेलं तर कोर्स जातो आणि वर अ‍ॅकॅडमिक रेकॉर्डवर डाग, जो हेल्थवाल्या प्रोग्रामला अर्ज करताना सांगावा लागू शकतो. न कळलेलं समजावून घ्यायला वापरा, पण उत्तर परत वहीत आपलं आपण काढा, एआय सार्थ अंकांत माझ्यापेक्षा जास्त चुका करतं.

आणि नाहीच जमलं तर दोन तारखा कॅलेंडरात लाल करून ठेवा. पहिली पहिल्या एक-दोन आठवड्यांतली, त्याआधी सोडलं तर ट्रान्सक्रिप्टवर काहीच दिसत नाही आणि पैसेही बरेचसे परत मिळतात. दुसरी सेमिस्टरच्या उत्तरार्धातली, तोवर सोडलं तर डब्ल्यू (विथड्रॉ, म्हणजे मध्येच सोडल्याची खूण) लागतो, पैसे जातात पण जीपीएला, म्हणजे ग्रेडच्या सरासरीला, धक्का नाही. दुसरी परीक्षा झाली आणि सरासरी ७० च्या खाली असेल तर त्या तारखेआधी प्रोफेसरांना सरळ विचारा की सी येईल का. बऱ्याच प्रोग्रामना सी च्या खालचं चालत नाही आणि डी घेऊन बसण्यापेक्षा डब्ल्यू बरा, मग पुढच्या सेमिस्टरला परत. माझ्या ओळखीतल्या दोघींनी असंच केलं, दोघींना दुसऱ्या वेळी बी आला.

संपल्यावर सिलॅबसची पीडीएफ आणि सगळे लॅब रिपोर्ट जपून ठेवा, दुसरं कॉलेज कधी कधी क्रेडिट द्यायच्या आधी सिलॅबस मागतं आणि तोवर कॉलेजच्या साइटवरून तो उडालेला असतो. पुस्तक विकत घेतलं असेल तर विकून टाका. गॉगल मात्र ठेवा, केमिस्ट्री टूला लागतो.